फाटकापासून तिसरी जागा

८ एप्रिल २०१९, सोमवार

आज सोळा दगड वाचून झाले. बारा मी, चार वॉटीने. त्याच्या चारातले दोन चूक, म्हणजे तेही पुन्हा मीच. आणि येताना काय घेऊन आला, तर तारेचा ब्रश! दोनशे वर्षांचा मऊ दगड, बोट लावलं तर भुगा होतो, त्यावर तारेचा ब्रश! हातातून हिसकावला आणि भिंतीपलीकडे समुद्रात भिरकावून दिला. "ग्रिझी, नवा होता गं तो," म्हणे. असेल नवा. जन्मभर सुतारकी केली, लाकूड आणि दगड यांतला फरक पंचाहत्तरीतही कळत नाही.

आरसाही धड धरता येत नाही त्याला. ऊन बाजूने, तिरपं पाडायचं असतं, तेव्हा कुठे झिजलेल्या अक्षराची सावली उठते. हा सरळ माझ्या डोळ्यांत मारतो. लांबचा भाऊ आहे म्हणून चालवून घेते. शिवाय पाठ वाकवून गवत काढायला कुणीतरी लागतंच.

इतिहास मंडळाला जिल्ह्यातल्या सगळ्या ओसाड कबरस्तानांची यादी हवी आहे. बाहेरची आठ झाली. आता आपल्याच गावचं, पडक्या चर्चमागचं. दुपारी एक दगड लागला — स्लेटर आडनावाचा पोरगा, वय एकोणीस, बुडाला. त्याखाली त्याचा भाऊ, तोच दिवस. त्याखाली आणखी एक भाऊ, तोच दिवस. वॉटी लागला नाक पुसायला. म्हटलं, रड नंतर, आधी धाकट्याचं साल सांग.

सगळ्या कबरस्तानात सरळ उभा आणि स्वच्छ असा एकच दगड आहे. आईचा. मी बसवलेला, एकाहत्तर साली. मार्गारेट मेअर, आणि खाली 'तिची मुलगी ग्रिझेल', पुढे जागा कोरी. लोकांना ते बघून कसंतरी होतं. मला बरं वाटतं. एका ठिकाणी तरी माझी जागा धरून ठेवलेली आहे.

११ एप्रिल, गुरुवार

समुद्रावरून धुकं. दगड ओले, एक अक्षर दिसत नाही. वॉटी आला होता. दार उघडलं नाही.

१५ एप्रिल, सोमवार

कॅनडाहून पत्र. माझी धाकटी बहीण एल्सपेथ गेली. फेब्रुवारीतच! मला आत्ता कळवतायत. पत्र तिच्या मुलीचं, लॉरीन नाव. "मावशी, आपण कधी भेटलो नाही..." नाहीच भेटलो. दर नव्या वर्षाला एल्सपेथचं कार्ड यायचं. एकालाही उत्तर दिलं नाही. सत्तावन्न कार्डं चुलीत घातली आणि अजून पंधरा आली असती तर तीही घातली असती.

लिहून ठेवते, कारण आता विचारणारं कुणी उरलं नाही. बाबा बुडाले त्यानंतर चार वर्षांनी आई गेली. नोव्हेंबर एकसष्ट. मी चौदाची, एल्सपेथ पाचची. हिवाळा संपला तसा विल्यममामा आणि मामी कॅनडाला निघाले. त्यांना मूल नव्हतं. मामा स्वयंपाकघरात उभा राहून आम्हा दोघींकडे बघत होता, बाजारात टोपलीतलं पिल्लू निवडावं तसा. मामी म्हणाली, "धाकटी न्यावी. मोठी कामाला लागेल." झालं! धाकटी बोटीत बसली, मोठी माशांच्या कारखान्यात लागली. मिठाच्या पाण्यात चाळीस वर्षं हात. आत्ता पेन धरलंय ते बोट सरळ होत नाही.

लॉरीन म्हणते, आईची शेवटची इच्छा होती. राख आजीजवळ पुरावी. मे महिन्यात येते आहे.

आईजवळ!

१६ एप्रिल, मंगळवार

रडू येतंय का, वाट बघितली. नाही आलं.

२३ एप्रिल, मंगळवार

आईच्या दगडाजवळ बसले होते. डॅफोडिल्स उतरणीला लागलीत. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे गवत उपटलंय, शेवाळ धुतलंय, वादळात पोत्यांनी झाकलंय. आजारी होते त्या वर्षी वॉटीला पाठवलं तर हा बाबा नुसता उभा राहून बघत होता, हात लावेना. शेवटी तापात मीच गेले.

एल्सपेथला कॅनडा मिळाला. मामा-मामी मिळाले. शाळा मिळाली, नवरा, पोर. आई तेवढी मला उरली. आता तीही हवी? नाही देणार. पंचप्राण गेले तरी नाही देणार.

वॉटी म्हणतो, "राख ती केवढी, ग्रिझी. डबाभर. जागा लागते कितीशी?" म्हटलं, तुझी केवढी होईल ते बघू लवकरच.

२ मे, गुरुवार

आली. चाळिशीची, गोरटेली, नाक थेट एल्सपेथचं. सारखी हात पकडते. "मावशी, तुमचे हात किती गार आहेत!" गारच असतात बाई, तुमच्या आईच्या वाटणीचं पाणीही याच हातांवर पडलंय. हे बोलले नाही. धुरावलेल्या हॅडक माशाचं सार वाढलं, तिने अर्धी वाटी टाकली.

राख पिशवीत घेऊन फिरते आहे. खुर्चीत बसवली शेजारी.

मग तिने विल्यममामाचं पत्र काढलं. मरण्याआधी एल्सपेथला लिहिलेलं. आईची कबर कुठे, ते एका ओळीत: 'उत्तरेच्या भिंतीला लागून, फाटकापासून तिसरी जागा.' मामा प्रेत पोचवून घरी आला तेव्हा मलाही हेच म्हणाला होता, अक्षर न अक्षर. मी विचारलं होतं, मामा, कुठे ठेवलंत तिला? तर म्हणाला, "भिंतीला लागून, फाटकापासून तिसरी. संपलं आता. चहा टाक."

पुरुषच जायचे ना कबरीपर्यंत. बायकांनी पडदे ओढून घरात बसायचं, सँडविचं करायची. पेटी खड्ड्यात उतरवायच्या दोऱ्या आठ, आठ पुरुषांच्या हातात, प्रत्येकाला नंबराचं कार्ड. आम्ही दोघी स्वयंपाकघरात. पेटी कुठे गेली ते आमच्यापैकी एकीनेही पाहिलं नाही.

लॉरीनने विचारलं, "मावशी, तिथे दगड आहे का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही."

३ मे, शुक्रवार

सकाळी लवकर वर गेले. आईचा दगड दोन पोत्यांनी गुंडाळला, दोरी बांधली, वर मंडळाची पाटी अडकवली: 'दुरुस्ती चालू. हात लावू नये.' गाठ दोनदा सुटली. लाजेने नाही, घाईने.

कबरस्तानाला फाटकं दोन. एक चर्चकडचं, ज्यातून मी जन्मभर ये-जा केली. दुसरं भिंतीच्या त्या टोकाला, समुद्राकडचं, गंजलेलं, तिथून आता मेंढ्यासुद्धा येत नाहीत. लॉरीनला किनाऱ्याच्या वाटेने त्या फाटकातूनच आत नेलं आणि म्हटलं, "मोज. एक. दोन. तीन."

तिसऱ्या जागेवर कंबरभर खाजखुजली. दगड नाही, खूण नाही, एक फुटकी बादली. कुणाची कबर आहे ते देवालाच ठाऊक.

तिने ती बादली उचलून बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही याच गावात होतात ना, मावशी?"

"होते."

"आणि आजीसाठी एक दगडसुद्धा..."

जीभ चावली. तिकडे साठ पावलांवर माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दगड पोत्यात उभा होता. आणि मला ऐकून घ्यावं लागलं! म्हटलं, "ज्याला त्याला आपापली कामं असतात." तिने माझा हात सोडला. पुन्हा धरला नाही.

बरंच झालं. सारखी पकडायची.

४ मे, शनिवार

पुरली.

कौन्सिलला विचारू नकोस, वर्ष जाईल, असं मीच तिला सांगितलं. लॉरीनने खाजखुजली नुसत्या हातांनी उपटली. हातमोजे माझ्या पिशवीत होते, मी दिले नाहीत. हात मनगटापर्यंत फोडांनी भरले. एकदाही हाय म्हणाली नाही. त्यात मात्र एल्सपेथवर गेली नाही, ती सुई टोचली तरी घर डोक्यावर घ्यायची.

वॉटीला तिनेच बोलावलं. त्याने राखेसाठी लहानशी ओकची पेटी करून आणली होती, सांधे असे की नख शिरणार नाही. पेटीला चार दोऱ्या, आणि नंबर लिहिलेली कार्डं! एक नंबर लॉरीनला. दोन नंबर मला, उरलेल्या दोन्ही त्याच्याकडे. "हल्ली बायका धरतात गं," म्हणाला. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. दोन नंबरची दोरी गवतात पडून राहिली, पेटी तिरकी झाली, कोपरा मातीवर आपटला. लॉरीन "आई!" असं ओरडली. पेटीला ओरडली.

सांगते खरं. मला आनंद झाला. पोटात काहीतरी गोड उतरावं तसा. ती कुणाच्या कोण माणसाच्या हाडांवर पडली आहे, खाजखुजलीत, आणि आईला पत्ताही नाही.

वॉटी टोपी काढून उभा, डोळे भरलेले. मातीवर हात ठेवून काहीतरी बोलायला गेला, "लॉरीन, या जागेवर मी..." म्हटलं, वॉटी, गप्प! प्रार्थना चालू आहे. गप्प झाला. कुणीही गप्प म्हटलं की होतो, म्हणून तर बायको मिळाली नाही.

परतताना मला म्हणाला, "ते पोतं कशाला गुंडाळलंस?"

म्हटलं, भेग पडली आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मोठं काम केलं आहे. मूर्ख.

६ मे, सोमवार

लॉरीन गेली. दाराखालून चिठ्ठी सरकवून गेली, निरोप घ्यायला आत आली नाही. दगडाचं काम एल्गिनच्या पाथरवटाला देऊन चालली आहे. ऑगस्टमध्ये बसवायचा. "त्यावर आजी आणि आई अशी दोन नावं घालते आहे. तिसऱ्यासाठी जागा ठेवू का, असं पाथरवटाने विचारलं. मी नको म्हटलं. तुम्हाला ते आवडलं नसतं असं वाटतं, मावशी."

हसू आवरेना. खाजखुजलीवर चांगला ग्रॅनाइटचा दगड! परक्याच्या हाडांवर माझ्या आईचं नाव! मंडळाच्या यादीत मी तो दगड घालेन आणि शेरा मारेन: चुकीच्या जागी.

८ मे, बुधवार

पोती काढली. आईचा दगड कोमट झाला होता उन्हाने. बसले तिच्याजवळ, डबा उघडला, ओटच्या भाकऱ्या आणि चीज खाल्लं. म्हटलं, आई, गेली ती. आता आपण दोघीच.

मग का कोण जाणे, रडू आलं. एल्सपेथसाठी नाही, निश्चित नाही. बोटीच्या कठड्याला धरून ती उभी होती, लाल लोकरीची टोपी, मीच विणलेली. हाका मारत होती. मी पाठ फिरवून कारखान्यात गेले, साडेसातची पाळी होती.

पुरे. उद्यापासून पश्चिमेची रांग.

१२ मे, रविवार

नव्या चर्चहून येताना वॉटी दारात थांबला. टोपी हातात. म्हणाला, "ग्रिझी, मी तुला ओळखलंच नव्हतं. शेवटी खरी जागा दाखवलीस त्या पोरीला."

म्हटलं, काय बडबडतोस?

"अगं, आठ नंबरची दोरी माझ्या हातात होती. तुझ्या आईच्या पायाकडची. मासेमारांची पेटी चर्चच्या फाटकातून नेली आहे कधी कुणी? किनाऱ्याच्या वाटेने, समुद्राच्या फाटकातून. तू भलतीकडेच दगड बसवलास तेव्हा मी सांगायला आलो होतो. तू म्हणालीस, सुताराने थडग्यांत नाक खुपसू नये, चालता हो. नंतर परत एकदा आलो. तेव्हा दार लावलंस."

विचारलं, माझ्या दगडाखाली कोण आहे?

"लढाईच्या काळात समुद्रातून वाहून आलेला कुणीतरी. त्या बाजूला तेच पुरायचे. नाव नव्हतं त्याला."

चहा विचारला नाही. दार लावून घेतलं.

लॉरीनच्या दगडावर दोनच नावं येणार आहेत.