नव्याण्णव टक्क्यांवर अडकलेला स्वर्ग

तीर्थस्वरूप आ-होक दादांना,

खून-बिंगचा कमरेत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी अजून तुम्हाला डुकराचे पाय खाऊ देत नाहीत म्हणे. हा अन्याय आहे, आणि अन्यायाविरुद्ध मी नेहमीच तुमच्या बाजूने आहे (फक्त वहिनींना सांगू नका). आम्ही इकडे युनलिनमध्ये खुशाल आहोत, म्हणजे कालपर्यंत नव्हतो.

झालं असं. मात्सू देवीच्या वाढदिवसाचा बाहुल्यांचा खेळ बाबांपासून आपल्याच मंडळीकडे आहे, पण देवळाचे अध्यक्ष चुआंग यांनी यंदा स्पष्ट बजावलं, की मागे मोठा चित्रपडदा आणि दणदणीत आवाज नसेल, तर पुढच्या वर्षी आम्ही सरळ सिनेमा लावू. दादा, मी आयुष्यभर सांगत आलो, की एका माणसाच्या एका गळ्यातून राजा, राणी, राक्षस आणि म्हातारी निघते, हीच आपली कला, आणि ज्या दिवशी तिची जागा यंत्र घेईल त्या दिवशी आपण बाहुल्या आणि बाहुल्या आपल्या मालक! तरीही माझ्या पेई-शानने माझे सगळे आवाज लॅपटॉपमध्ये भरून घेतले. मुलीपुढे कोणाचं तत्त्व टिकलंय? यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, सगळे ठेवतात तसं, त्यावर हिरवं खाऊचं पाकीटही ठेवलं होतं. (नंतर पाहिलं तर त्याची मुदत गेल्या महिन्यात संपलेली. ते तपासण्याचं काम माझं होतं, हा मुद्दा इथे गौण आहे.)

काल दुपारी देवीसमोर नांदी सुरू झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, देवीला वाहिलेली नांदी एकदा सुरू झाली की आभाळ कोसळलं तरी थांबवायची नाही. आठही सिद्धपुरुष रंगमंचावर आले, पहिल्याने दाढी हलवली, आणि शांतता! चुआंग पहिल्या रांगेतून ओरडले, "मास्तर, बाहुली मुकी झाली की आम्ही बहिरे?" तेवढ्यात समोरच्या तळलेल्या माकुळाच्या गाडीवरून माझाच धीरगंभीर आवाज आला, की बाळा, तुला दीर्घायुष्य लाभो. पेई-शानने सकाळी चाचणीसाठी तिथला बिनतारी स्पीकर जोडला होता आणि सोडवायचा राहिला होता. एका गिऱ्हाइकाने माकूळ खाली ठेवून हात जोडले. गाडीवाली किम मावशी किंचाळली, "अहो मास्तर, तुमचे देव माझ्या कढईत आलेत, घेऊन जा!"

पेई-शानने आवाज ओढून रंगमंचावर आणला, तर आता चित्र मागे पडलं. राक्षस आधी किंचाळून मरायचा, मग पडद्यावर तलवार उपसली जायची. तिने आवाजाचा प्रोग्राम बंद केला, चालू केला, वायरी बदलल्या, मग शेवटी म्हणाली, "बाबा, मशीन पुन्हा सुरू करते, दहा मिनिटं कशीतरी काढा." चुआंगांनी तेवढं थांबू का म्हणून देवीपुढे कौलाचे लाकडी तुकडे टाकले. दोन्हींची सपाट बाजू वर! म्हणजे ना होकार, ना नकार, देवी नुसती हसतेय. दादा, कुठल्या तत्त्वज्ञाने संकटात याहून कमी मदत केली असेल?

आणि मग त्या अवाढव्य पडद्यावर, जिथे स्वर्ग असायला हवा होता, तिथे अक्षरं उमटली: अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका, बत्तीस टक्के. माइकही त्याच यंत्रातून जात असल्यामुळे मेलेला. मी पडद्यामागून नुसत्या गळ्याने गर्जलो, "देवहो! राक्षसराजाने स्वर्गाला कुलूप घातलंय! शंभर झाल्याशिवाय ते उघडत नाही!" झालं! लोक मोजायला लागले. चाळीस! पंचावन्न! माझा सेनापती एकेका टक्क्यागणिक एकेक राक्षस कापतोय, मी घोडा होतोय, नगारा होतोय, राक्षसाची सासू होतोय! (ती कथेत नाही, पण सत्तर ते ऐंशी फार हळू गेले.) नव्याण्णववर सगळं अडकलं. देवळातल्या म्हाताऱ्या उदबत्त्या घेऊन पडद्याला विनवू लागल्या. किम मावशी कढई सोडून आली आणि पडद्यालाच म्हणाली, "मेल्या, हो की पुरा!" आणि शंभर झाले! राक्षसराजाचं मुंडकं उडालं, फटाके फुटले, चुआंग खुर्चीवर उभे राहून नाचले.

संध्याकाळी त्यांनी पुढच्या वर्षासाठी कौल लावला. लागोपाठ तीन होकार. खेळ आपल्याकडेच राहिला! मानवी कंठाचा विजय असो.

तुमचा धाकटा,
खून-बिंग

ता. क. एक बारीकशी अडचण आहे. चुआंगांनी कौल लावताना देवीला विचारलं होतं, "हाच खेळ, अगदी असाच, चालेल का?" देवी हो म्हणाली. आता देवीला दिलेला शब्द मोडता येत नाही.

ता. क. २. पेई-शानने यंत्र इतकं चोख दुरुस्त केलंय की आज सकाळपासून चार तालमी झाल्या, एकदाही बिघडलं नाही. मी हताश आहे. दादा, तुम्ही टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलीत आणि तुम्ही दुरुस्त केलेली एकही लाइन पुन्हा लागल्याचं कोणाला आठवत नाही. पुढच्या वर्षी नांदीच्या आधी फक्त पाच मिनिटं येऊन आमच्या लॅपटॉपला जरा हात लावून जा.