सत्तावीस नंबरची बोली

किब्वेझी,
१२ फेब्रुवारी

चि. स्योम्बुआ हिस, म्हणजे माझ्या धाकट्या मालकिणीस, आजोबा मुन्योकीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व ठीक. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, हत्ती अजून कुंपणापलीकडेच आहेत, आणि तुझ्या बापाने माझ्या गुडघ्याला नवीन तेल आणून दिलं आहे. त्याचा वास गुडघ्यापेक्षा शेजाऱ्यांना जास्त लागतो.

मुथेंगीच्या बसने एक झाकणाचं पिंप पाठवलं आहे. त्यात तुला हवे होते ते जमिनीखालचे नागडे उंदीर आहेत. तीन दिवस रताळ्यांच्या वाफ्यात बसून काढले. तुझ्या प्रयोगशाळेतल्या शहाण्यांना सांग, की हे काम यंत्राने होत नाही. मातीची छोटी टेकडी जिथे आतून उडते तिथे सावली न पाडता उभं राहायचं, लाथेने माती फेकणारा बेसावध झाला की त्याच्या पाठीमागे कुदळीचा घाव घालून वाट तोडायची. सत्तर वर्षं या चोरांना शिव्या घातल्या, आणि आता त्यांना ओल्या मातीत लोळवून, सोबत रताळी बांधून, पाहुण्यांसारखं राजधानीला पाठवतो आहे. तुझी आजी असती तर पोट धरून हसली असती.

बिळात एकटीच विते ती राणीही सापडली. चांगली लांब आहे, नुकतीच व्यालेली. सगळं घर पाठवलं आहे. ज्याला सोबत नव्हती त्यालाही सोबत दिली आहे.

ओढ्यापलीकडे मुलांडीच्या शेतात मात्र परवा ट्रॅक्टरचा नांगर फिरला, तिथल्या बिळांचं पार वाटोळं झालं. बघवलं नाही. असो. वाफ्यात बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या, त्या चौथीतली पोरं आता शाळेच्या वाटेवर ठेक्यात म्हणतात:

दातांनी जे घर बांधिती, डोळ्यांनी ना पाहती,
अंधाराच्या पोटी सगळे एका सुरात राहती.

मोबाइलवर बोलत जा असा आग्रह करू नकोस. त्यात मला फक्त अडकलेली माशी ऐकू येते. पत्रच लिही, आणि अक्षर मोठं काढ. लोभाची ओल राहू दे.

तुझा,
आजोबा


नैरोबी,
३ मार्च

ती. आजोबांस,
स्योम्बुआचा सा. न. वि. वि.

पिंप पोचलं. बसमधल्या एका बाईने झाकण उघडून पाहिलं आणि ती थेट पुढच्या सीटवर जाऊन बसली, असं मुथेंगीकाका सांगत होते. बाकी प्रवास सुखाचा झाला. सगळे जिवंत आहेत.

आमच्या प्रमुख डॉ. अपोंडी यांनी काचेच्या नळ्यांचं घर आधीच मांडून ठेवलं होतं. आता त्यात एक खोली झोपायची, एक खायची, एक शौचाची, असे व्यवहार त्यांनी आपले आपण ठरवले आहेत. प्रत्येकाला नंबर दिला आहे. एकतीस भरले. सर्वांत लहान आहे तो सत्तावीस नंबर. राणीच्या पिल्लांतच दूध पितो, पण इतरांपेक्षा बारीक आहे.

आजोबा, तुमच्या या चोरांची किती कौतुकं सांगू? हवा संपली तर त्यांचा मेंदू अठरा मिनिटं तग धरतो. मेंदूतल्या पेशी तेवढ्या वेळात आपली नेहमीची साखर सोडून फळांतल्या साखरेवर दिवस काढतात, जवळजवळ झाडांसारख्या. आपला उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो, हे तीस-तीस वर्षं जगतात. आणि माझं काम ज्यावर आहे ते तर तुम्हालाच शोभणारं आहे. ते चिवचिवतात, आणि प्रत्येक बिळाची बोली वेगळी असते. बोलीवरून घरचा कोण, परका कोण हे ओळखतात. परक्याला चावून मारतात. पिल्लं ही बोली जन्माला घेऊन येत नाहीत, ऐकून शिकतात. राणी मेली तर बोली विस्कटते, जो तो आपल्यासारखं बोलू लागतो, नवी राणी बसेपर्यंत. परदेशातल्या लोकांनी हे आधी शोधलं आहे. पण आपल्या मातीतल्या, रानातून आणलेल्या घरावर ते कुणी नीट पाहिलेलं नाही. मला बघायचं आहे की ऐकून शिकताना मेंदूतल्या कोणत्या पेशी जाग्या होतात.

जुलैत समितीसमोर उभं राहायचं आहे. त्यांनी मान डोलावली तर पुढची चार वर्षं माझं संशोधन इथेच. नाही डोलावली तर बाबा म्हणतात तसं मचाकोसच्या शाळेत शास्त्र शिकवीन. ते वाईट नाही, हे तुमच्यासमोर वेगळं सांगायला नको, पण मला हे हवं आहे.

म्हणून विचारते. हे सगळे एकाच बिळातले ना? तुम्ही किती पाठवले होते? माझ्या वहीत तेवढा एक रकाना रिकामा आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपली नात,
स्योम्बुआ


किब्वेझी,
२० मार्च

चि. धाकट्या मालकिणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मेंदूतली पेशी झाडासारखी होते, हे वाचून मी आंब्याखाली जाऊन बसलो तो जेवायलाच उठलो.

किती पाठवले म्हणून विचारतेस. मालकिणबाई, जिवंत जीव मोजायचे नसतात हे तू विसरलीस की काय? मी शेळ्या मोजत नाही, नातवंडं मोजत नाही. छत्तीस वर्षं मास्तरकी केली ती नावं घेऊन. हजेरीत मुलांची बेरीज कधी लिहिली नाही. शाळा तपासायला आलेले साहेब त्यावरून एकदा चांगलेच तापले. मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरी लेकरं किती ते आकड्यात सांगा. तेही आपल्याकडचेच, वही मिटली आणि चहा प्यायले.

परक्याला चावून मारतात हे मात्र मला ठाऊक नव्हतं. खरंच मारतात? अगदी लहानग्यालाही? तो सत्तावीस नंबर कसा आहे ते लगोलग कळव. दूध पितो ना? विसरू नकोस.

राणी गेली की बोली विस्कटते, हे वाचलं आणि मन जरा उदास झालं. तुझी आजी कितुईची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्याला इथली सगळी बायामंडळी हसायची. आपण दाराशी येऊन कुणी आहे का म्हणतो, ती म्हणायची, “घर जागं आहे ना?” ‘ना’ ओढून, जरा वर चढवून. विहिरीवर पोरी तिची नक्कल करायच्या. दोन वर्षांत ती आमच्यासारखी बोलू लागली, पण ते एक वाक्य काही सोडलं नाही. ती जाऊन एकोणतीस वर्षं झाली. तू त्यानंतर दोन वर्षांनी आलीस आणि तिचं नाव घेऊन बसलीस, म्हणून हा म्हातारा तुला मालकीण म्हणतो. तिचा चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. कान म्हातारे झाले तसे आठवणीतलेही झाले असतील.

कांडलेल्या मक्याची मुथोकोई पाठवली आहे. उकळायला वेळ दे, तुझ्या आईसारखी घाई करू नकोस. लोभ आहेच, त्याला पत्राचं पाणी घालत जा.

तुझा,
आजोबा


नैरोबी,
२३ मे

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. माफ करा. सत्तावीस मजेत आहे, आता चांगला गुबगुबीत झाला आहे आणि बाकीच्यांसारखाच चिवचिवतो. पण त्याच्यापायी माझी झोप उडाली आहे.

सगळ्यांच्या शेपटीच्या टोकाचा कणभर तुकडा घेऊन पेशींतलं नातं तपासलं. तीस जण एकमेकांचे सख्खे निघाले. सत्तावीस कुणाचाच कुणी नाही. असं होऊच शकत नाही, कारण परका असता तर पहिल्याच दिवशी मेला असता, आणि त्याची बोली तर तंतोतंत घरचीच. मग चूक एकच उरते, नमुन्यांच्या नळ्या माझ्या हातून बदलल्या. डॉ. अपोंडी ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, की एक नळी बदलू शकते तर तीसही बदलल्या असतील, आणि समितीला हेच पहिलं दिसेल. नवे तुकडे घ्यायची परवानगी नाही, म्हणून त्याच नळ्यांतून मी तपासणी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. उत्तर तेच. आता त्या म्हणतात, या घराचं सगळं काम बाजूला ठेवावं लागेल. जुलै म्हणजे गेलाच.

आजोबा, मी रात्रंदिवस हात आठवते आहे, कोणत्या दिवशी कोणती नळी उचलली ते. आठवत नाही. बहुतेक मीच चुकले. तुम्ही काळजी करू नका, बाबांना सांगू नका. फक्त कुणाला तरी लिहावंसं वाटलं.

माया असू द्यावी, या वेळी जरा जास्तच.

आपली,
स्योम्बुआ


किब्वेझी,
२७ मे

चि. स्योम्बुआ हिस,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच, आणि तुझ्या डॉक्टरबाईंना वाचून दाखव. मुथेंगीला सांगितलं आहे की हे पत्र तुझ्या हातात दिल्याशिवाय इंजिन बंद करू नकोस.

तुझे हात चुकले नाहीत. चूक माझी.

मुलांडीच्या शेतात नांगर फिरला त्या संध्याकाळी मी तिथून येत होतो. उकललेल्या मातीत एक पिल्लू वळवळत होतं. शेंगदाण्याएवढं, आरपार दिसेल असं. त्याचं सगळं घर मातीत गेलं होतं. मी ते सदऱ्याच्या खिशात घातलं, वर हात धरला, आणि ओढा ओलांडून घरी आणलं. पिंपात तुझी राणी व्यालेली होती. मला वाटलं, एवढ्यांत एक आणखी. पाच-सहा पोरं असलेल्या घरी सातवं जेवायला बसलं तर कोण विचारतं? पिंपातली ओली, घाण झालेली माती त्याच्या अंगाला हलक्या हाताने चोळली, जशी आपल्याकडे अनाथ करडाला दुसऱ्या शेळीच्या वारेत लोळवून तिच्या पुढ्यात ठेवतात. राणीने हुंगलं आणि पोटाखाली घेतलं. मी बराच वेळ बघत बसलो.

तू विचारलंस, किती पाठवले. मी मोजत नाही म्हणालो. ते खरंच आहे, मी मोजलेच नव्हते. पण एकाच घरचे ना, हेही तू विचारलं होतंस, आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. मास्तर असून प्रश्न गाळला. परका चावून मारतात हे वाचल्यावर तर लिहायचं धैर्यच झालं नाही. वाटलं, ते पिल्लू मेलं तर पाप माझं, आणि जगलं तर कुणाला कळणार? पेशी बोलतात हे मला काय ठाऊक!

समितीसमोर यायला मी तयार आहे. काठी घेऊन येईन, कोट घालून येईन. घालायच्या त्या शिव्या मला घाला, पोरीला नको.

प्रवासात सापडला म्हणून मी त्याचं नाव क्यालो ठेवलं होतं. तेही वहीत लिही.

तुझा अपराधी,
आजोबा


नैरोबी,
१६ जुलै

ती. आजोबांस, म्हणजे डॉ. अपोंडींच्या भाषेत ‘आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांस’, सा. न. वि. वि.

मान डोलावली! पाचही जणांनी.

जूनमध्ये आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हाची पळापळ तुम्ही पाहिलीच, पण कशासाठी ते नीट सांगायला वेळच झाला नाही. तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं. करडाच्या वाक्यापर्यंत डॉ. अपोंडी हसत होत्या, मग टेबलावर हात आपटून म्हणाल्या, गाडी काढा. मुलांडीकाकांच्या बांधाखाली त्या बिळाचा जो कोपरा नांगरातून वाचला होता तिथली चिवचिव टिपली. त्यांच्या पेशींशी सत्तावीसचं नातं जुळलं, ती सगळी त्याची भावंडं. बोली मात्र साफ वेगळी. म्हणजे तो रक्ताने ओढ्यापलीकडचा आणि जिभेने आपल्या रताळ्यांच्या वाफ्यातला. आजोबा, असा एक जीव मिळावा म्हणून लोक प्रयोग रचतात. तुम्ही खिशातून आणलात.

समितीत एक करड्या केसांचे गृहस्थ फार खोचक होते. त्यांनी विचारलं, पाठवणाऱ्याने मोजणी का केली नाही. मी म्हटलं, आमच्याकडे जिवंत जीव मोजत नाहीत. ते म्हणाले, आमच्याकडेही नाही. मग तुमचं पत्र पुरावा म्हणून फाइलला लावून घेतलं. गुडघ्याच्या तेलाचा भाग त्यात नाही, काळजी नको.

क्यालोला कुणी चिरणार नाही, हे मी लिहून घेतलं आहे. तो नुसता जगणार, आणि आम्ही ऐकणार. आणखी तीस वर्षं. माझ्या नातवंडांनाही तो भेटेल. वहीत आता सत्तावीसपुढे त्याचं नाव आहे.

माया अशीच चुकत-माकत करत राहावी.

आपली,
स्योम्बुआ


किब्वेझी,
२४ जुलै

चि. धाकट्या मालकिणीस कानाकोपऱ्यातले सगळे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कोट घातला. समितीने बोलावलं नाही म्हणून काय झालं? कोट घालून आंब्याखाली बसलो. मुलांडी येऊन विचारून गेला की कोण वारलं. त्याला सांगितलं, वारलं कुणी नाही, तुझ्या शेतातलं पोर माझ्या घरचं होऊन पास झालं. तो आता त्याच्यावर हक्क सांगतो आहे.

जूनमध्ये आलात त्या दिवशी तू यंत्रातला आवाज संथ करून माझ्या कानाशी धरलास. सत्तर वर्षं ज्यांच्यावर कुदळ चालवली त्यांचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. दोन्ही घरचं ऐकलं. वेगळं आहे, मलासुद्धा कळलं. पण तुला त्या वेळी एक सांगायचं राहिलं. तुझ्या डॉक्टरबाई समोर होत्या.

तुम्ही आलात तेव्हा मी आत निजलो होतो. कुणी तरी दाराशी आलं. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे, तरी ते स्पष्ट ऐकू आलं. “घर जागं आहे ना?” ‘ना’ ओढून, जरा वर चढवून. मी उठून बसलो. क्षणभर मला काळच समजेना. मग तू दारातून वाकून आत आलीस.

नंतर तुझ्या बापाला विचारलं, ही असं कधीपासून म्हणते. तो हसायलाच लागला. म्हणाला, अहो, तुम्हीच असं म्हणता, लहानपणापासून आम्ही सगळे तुमच्याकडूनच शिकलो. मला पत्ताच नव्हता, स्योम्बुआ. तिचा आवाज विसरलो म्हणून इतकी वर्षं झुरलो, आणि रोज संध्याकाळी अंगणात पाय ठेवताना तोच माझ्या तोंडून निघत होता.

तेव्हा तुझ्या वहीत, राणी गेली की बोली विस्कटते तिथे, एका म्हाताऱ्याची नोंद कर. किब्वेझीच्या एका घरात राणी जाऊन एकोणतीस वर्षं झाली आणि बोली अजून जागी आहे.

क्यालोला रताळं दे. लोभ उतू गेला तरी चालेल.

तुझा,
आजोबा

ता. क. घरात हे वाक्य किती जण म्हणतात ते तुझ्या बापाने मोजायला घेतलं होतं. मी त्याला गप्प बसवलं.