सतरा नंबरच्या बाटलीचे पान

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय बहात्तर, अविवाहित, रक्तसंशोधन केंद्रातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही आग्रहाशिवाय लिहून ठेवत आहे. मला रोज एक गोळी घ्यावी लागते. तिने रक्त पातळ होते असे लोक म्हणतात. ते खरे नाही. रक्त गोठायला वेळ लागतो, इतकेच. गोळीचा डोक्याशी काही संबंध नाही, तसे डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. जळवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या दोन बरण्यांत मिळून सात जळवा आहेत. केंद्रात आम्ही जळवांपासून रक्त गोठू न देणारे द्रव्य काढत असू. पुढे ते जळवांशिवायच तयार होऊ लागले आणि आमचा विभाग बंद झाला, तेव्हा उरलेल्या जळवा मी घरी आणल्या. या त्यांची पिल्ले. सातही जळवा मोठ्या रुग्णालयातल्या प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डला द्याव्यात. तुटलेले बोट जोडले की त्यात रक्त साचते, ते ओढून घ्यायला तिथे अजून जळवा लावतात. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मगच बरणीत घालावे. सुगंधी साबणाचे हात आत घालू नयेत. तोंडाला फडके बांधताना दोन वेढे द्यावेत. मी एकदा एकच दिला, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या चपलेत एक जळू निघाली. त्या सहा वर्षे माझ्याशी तुटकच वागल्या. त्यांना माझी इस्त्री द्यावी आणि भांडण मिटले असे समजावे.

कलम २. स्टॉपवॉच. हे केंद्राच्या भांडारपालाला द्यावे. त्याला आम्ही कुलूप म्हणायचो. माझे काम असे होते: जळवांच्या डोक्यांपासून काढलेला अर्क रक्तात मिसळायचा, काचनळ्या कोमट पाण्यात उभ्या करायच्या, दर अर्ध्या मिनिटाने तिरप्या करून बघायच्या आणि रक्त हलेनासे झाले की वेळ लिहायची. साधे रक्त सात-आठ मिनिटांत गोठते. अर्क कसदार असेल तर अर्धा-पाऊण तास वाहतेच राहते. दोन नळ्यांना दोन घड्याळे हवीत, हे मी कुलूपला तेहतीस वर्षे सांगत होते. "एक चालतंय ना? मग झालं तर," असे तो म्हणायचा. तेच एक त्याने आता सांभाळावे.

कलम ३. फाडलेले पान. कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या पाकिटात, प्रयोगशाळेच्या नोंदवहीचे एक पान आहे. ते धाकट्या बहिणीला द्यावे आणि त्याची प्रत केंद्राच्या ग्रंथालयात ठेवावी. कारण खालीलप्रमाणे.

चौतीस वर्षांपूर्वी बहिणीच्या नवऱ्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली. ते शिंपी होते. नेहमीच्या औषधाने उतार पडेना, पाय काळा पडू लागला. आमचे मोठे डॉक्टर तेव्हा मोजक्या रुग्णांना जळवांचा अर्क देऊन बघत होते. मीच बहिणीला म्हणाले, "आमच्याकडे आण. अर्क मी स्वतः तपासते." ती माझ्या शब्दावर आली.

त्या दिवशी सतरा नंबरची एकच बाटली तयार होती. वरचा अर्क घातलेली नळी अकरा मिनिटांत गोठली. तळचा अर्क घातलेली चाळीस मिनिटे झाली तरी वाहत होती. म्हणजे बाटलीत अर्क सारखा मिसळला नव्हता. मी दोन्ही वेळा लिहिल्या आणि डॉक्टरांना दाखवल्या.

"पुन्हा करायला किती वेळ लागेल?"

"नीट ढवळून, गाळून, दोन तास."

"दोन तासांत पाय जाईल त्यांचा. सरासरी काय येते?"

"साडेपंचवीस."

"मग तेच लिहा."

मी लिहिले. नव्या पानावर, चांगल्या अक्षरात. जुने पान फाडून पर्समध्ये टाकले. इंजेक्शन भरताना सुई बाटलीच्या तळापर्यंत गेली असणार, तिथला कसदार अर्क आला असणार. मेहुणे दोन दिवस हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त टाकत होते. तिसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यात रक्त उतरले आणि त्या डोळ्याची नजर कायमची गेली. बहिणीने कॉरिडॉरमध्ये मला धरून विचारले, "औषधात काही चूक होती का?" मी म्हणाले, "नाही गं. एखाद्याला असं होतं." त्यावर ती म्हणाली, "माझ्या माणसावर प्रयोग केलास तू." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मेहुणे वारले तेव्हा मी त्यांच्या दारातून परत फिरले.

डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांच्यावर ढकलण्याचा माझा हेतू नाही. पेन माझ्या हातात होते, आणि कॉरिडॉरमध्ये डॉक्टर नव्हतेच.

कलम ४. घर. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तसेच बँकेतल्या ठेवी ~~धाकट्या बहिणीला~~ भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला, मिळाव्यात. (खोडले ते मीच, माझ्या सहीने. कारण पुढे.)

हाताने लिहिलेली पुरवणी. वकीलबाईंनी वरचा मजकूर टाईप करून दिला. तो वाचताना लक्षात आले, की मी मेल्यावर बहिणीने हे वाचावे असे ठरवण्यात माझीच सोय होती. तिचे उत्तर मला ऐकावे लागणार नव्हते. म्हणून मंगळवारी कागद घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने दार उघडले, कागद घेतला, चष्मा शोधला आणि तिसरे कलम उभ्यानेच दोनदा वाचले.

"त्यांना हे माहीत होतं?"

"नाही."

"विचारलं असतंस तर काय म्हणाले असते?"

"द्या म्हणाले असते. पाय डोळ्यांदेखत काळा पडत होता."

"मग विचारायचं होतंस."

"हो."

तिने चौथे कलमही वाचले. मग म्हणाली, "घर नको मला. यावर साक्षीदाराची सही लागते ना? ती मी करते."

मी सांगितले, की ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणतात.

"म्हणून तर घर नको म्हणतेय. पोरीला दे. मी हे वाचलंय, असं कागदावर राहू दे. आणि माफ केलं असं समजू नकोस."

मी तसे समजलेले नाही. आज सकाळी ती सहीसाठी आली. चौतीस वर्षांत या घरात पहिल्यांदा. वकीलबाईंबरोबर टेबलाशी बसली आहे.

माझ्या देहाचे काही विशेष करू नये. भाचीला सोयीचे पडेल तसे उरकावे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. दिनांक: ९ मार्च.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिली, लिहून देणारीची धाकटी बहीण: (सही)
सगळे वाचून सही केली आहे. पाय वाचला होता. पुढे एकोणीस वर्षे त्यांनी त्याच पायाने शिलाई मशीन चालवले, हे माझ्या बहिणीने लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

साक्षीदार दुसऱ्या, वकीलबाई: (सही)