पुलावरची दुभाषी

४ मार्च

नेमणुकीचा कागद आला! उद्यापासून शाळेत शिकवण्यातून सुटका. पुलावर दोन देशांची बोलणी होणार आणि मी दुभाषी. त्यांचं आपल्या साहेबांना सांगायचं, साहेबांचं त्यांना.

अडचण एकच — दोन्हीकडची भाषा एकच आहे. आपण तिला एका नावाने ओळखतो, ते दुसऱ्या. नावं वेगळी म्हणजे भाषा वेगळ्या, असं दोन्ही राजधान्यांनी ठरवून टाकलंय. नवरा पोट धरून हसला. म्हणे, "पगार दोन्ही भाषांचा घे!"

हसू दे. मी लगेच होकार कळवला. पूल नऊ वर्षं बंद आहे आणि ताईचं सासर पलीकडे. आमच्या गच्चीवरून तिच्या गल्लीतली पाण्याची टाकी दिसते. ताई दिसत नाही. तिचं पत्र तिसऱ्याच देशातून फिरून दीड महिन्याने येतं. भाची आठ वर्षांची झाली, ती फोटोतच.

५ मार्च

पुलाच्या मधोमध जुनं टोलनाक्याचं ऑफिस आहे, तिथे बैठक. टेबलावर पांढरी पट्टी चिकटवलीय — ती सरहद्द. माझी खुर्ची नेमकी पट्टीच्या टोकाला. डावा पाय देशात, उजवा परदेशात!

त्यांचे कर्नल म्हणाले, "नमस्कार."
मी साहेबांना म्हटलं, "ते म्हणतात, नमस्कार."
साहेब म्हणाले, "नमस्कार."
मी कर्नलकडे वळले. "नमस्कार."
लघुलेखक सगळं गंभीरपणे लिहीत होता. मी गाल आतून चावून धरला.

चहा आणणारे म्हातारे शिपाई गोऱ्यांच्या राज्यापासूनचे. जिन्यात मला म्हणाले, "तेव्हा या दोघांचे बाप एकाच बाकावर बसून गोऱ्यांना शिव्या घालायचे. दुभाषी लागला नाही कधी."

७ मार्च

दिवसभर एकच विषय — कोणाचा झेंडा किती उंच. दोन्हीकडून फूटपट्ट्या निघाल्या. घसा बसलाय.

११ मार्च



साहेब म्हणाले, पूल आम्ही आमच्या मर्जीने उघडू. कर्नल उसळले — "पूल काय तुमच्या बापाचा आहे?"

साहेब लालेलाल. उभेच राहिले, फाइल बगलेत मारली. मागच्या वेळी असेच उठून गेले होते, तेव्हा बोलणी चार वर्षं बंद पडली. माझ्या डोळ्यांपुढे ती पाण्याची टाकी आली. नियम असा की माझं भाषांतर होईपर्यंत कुणी काही ऐकलेलंच नसतं. मी म्हटलं, "कर्नलसाहेब विचारतात, पुलाच्या मालकीची वडिलोपार्जित कागदपत्रं आपल्याकडे आहेत का?"

लघुलेखकाने लिहून घेतलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि बसले! "आहेत म्हणावं. आम्ही काय भीक मागायला आलोय?"

मी कर्नलना सांगितलं, "आमचं म्हणणं विनंतीचं नसून हक्काचं आहे."

कर्नलनी मिशीवर रुमाल धरला. हसत होते, शपथेवर सांगते.

१२ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जाताना नवऱ्याला निरोप ठेवला — नोकरी गेली समज.

"बाई, कालचं भाषांतर बरोबर होतं ना?"
"हो, साहेब."
"बरोबरच असणार. मला कुठे त्यांची भाषा कळते?" खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग स्वतःच एक खुर्ची पुढे सरकवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा!

माझ्या डोक्यात उशिरा उजेड पडला. चूक काढायची तर आधी कबूल करायला हवं की सगळं कळलं होतं. ते कोण करणार?

२० मार्च

सह्या झाल्या. दर रविवारी पूल उघडा, दहा ते पाच. करार दोन भाषांत छापलाय. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या — शब्दन् शब्द तोच, फक्त भाषेचं नाव वेगळं. मी घरी येऊन आधी रडले, मग हसले. नवरा म्हणे, क्रम तरी बरोबर ठेव.

२३ मार्च, रविवार

दहा वाजता ताई आली. केस पांढरे झालेत तिचे. आम्ही दोघी पुलावरच मिठी मारून उभ्या, लोक वळसा घालून जात होते. भाची तिच्या मागे लपलेली. पुढे आली, छातीवर बोट ठेवून एकेक अक्षर सुटं करत मोठ्याने म्हणाली, "मी — तु — म — ची — भा — ची."

मी म्हटलं, "अगं सोने, एवढी उंच कधी झालीस?"

पोरीचे डोळे विस्फारले.

"मावशी, तुम्हाला आमची भाषा येते? कुठे शिकलात?"