दाराला लावलेला तुकडा

आबा, वेल्डिंगचं नवीन मशीन घ्यायचं ठरलंय, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? आई म्हणते, बायकांनी लोखंडात डोकं घालू नये, आणि दुसऱ्या क्षणी शेगडीचा तुटलेला पाय माझ्याच पुढ्यात आणून ठेवते. तुमच्या जावयांना सांगावं, तर मशीनची हौस त्यांनाच. लग्न तुमच्या माघारी झालं, तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत. गुहागरकडचे आहेत. आई एकटी पडेल म्हणून लग्नानंतर इथेच राहिले, तर मिरकरवाड्यातले लोक अजून घरजावई म्हणून चिडवतात. हे हसून घेतात. माणूस तसा सरळ आहे, पण एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर काढणं मुश्कील.

आमच्याकडे एक जुना ट्रक आहे. बंदरावरची मासळी बर्फात घालून हे कोल्हापूरला नेतात. बर्फ वितळतो, खारट पाणी फळ्यांतून खाली गळत राहतं, आणि चासीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, आडवे चॅनेल असे सडतात की बोट घातलं तर पोपडा निघावा. दर पावसाळ्यात गाडी आपल्या घरापुढे उभी राहते आणि मी तुमच्याच जुन्या मशीनवर, तुमच्यासारखीच एका हातात काळी काच धरून, रॉडने जोडकाम करते. यंदा मागचा सगळा हौदा नवीन पत्र्याचा बांधायचाय आणि दोन चॅनेल बदलायचेत. बाहेर दिलं असतं, पण मला दुसऱ्याचं जोडकाम पटत नाही. हा माझा स्वभाव तुमच्यामुळेच झालाय, आता ऐकून घ्या.

तर हे नवीन मशीन. तुमच्या वेळी आपल्याकडे नव्हतं. त्यात रॉड नाही, जोडावरची खपली ठोकून काढायचं काम नाही. हातात पिस्तुलासारखी गन असते, तिचा घोडा दाबला की रिळातली तार आपली आपण पुढे येते आणि सिलिंडरमधला गॅस तिच्याभोवती फुंकला जातो, म्हणजे वितळलेल्या लोखंडाला हवा लागत नाही. ऐकायला किती छान! पण मला रात्रंदिवस नुसत्या शंका. आपल्या ओट्यावर संध्याकाळी समुद्राचा वारा शिरतो, त्यात गॅस उडून गेला तर? तार खाऱ्या हवेने गंजली तर? सिलिंडर संपला की कोल्हापूरहून येईपर्यंत बसून राहायचं का? त्यात मशीनं दोन. लहान आहे ते घरच्या विजेवर चालतं. मोठ्याला थ्री फेज हवी, म्हणजे वीज कचेरीच्या पायऱ्या झिजवणं आलं. ह्यांचं म्हणणं, लहान घेऊ, पत्राही त्यावर आणि चासीही त्यावर, आणि वाऱ्याला ताडपत्री बांधू. ह्यांच्याकडे सगळ्याला उत्तर म्हणजे ताडपत्री.

गेल्या आठवड्यात मासळी उतरवून झाल्यावर आम्ही कोल्हापुरात मशीनच्या दुकानात गेलो. मी पिशवीतून आपल्याच जुन्या चासीचे दोन जाड तुकडे नेले होते, कडा घासून लख्ख केलेले. दुकानातला माणूस भला होता. तुकडे हातात घेऊन म्हणाला, "ताई, हे लहान मशीन पत्र्याचं. एवढ्या जाड मालाला मोठंच लागेल." पण ऐकतंय कोण! हे म्हणाले, "बघूया तर एकदा," आणि लहान मशीनची गन हातात घेतली. अहो, ज्या माणसाने जन्मात कधी सरळ रेघ ओढली नाही, त्याने पहिल्याच फटक्यात अशी सुरेख शिवण मारली की मी बघतच राहिले. कुठे खळगा नाही, कुठे गाठ नाही. काच बाजूला करून हे माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बस झालं तुझं आता. हे मी करीन. तुझे डोळे सुटले."

इथेच सगळी अडचण आहे, आबा. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. काम केलं की रात्री वाळू गेल्यागत चुरचुरतात, पाणी थांबत नाही. हे उठून थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवतात. मशीनची हौस आहेच, पण ती हौस माझ्यासाठी आहे हे मला कळत नाही का? कळतं, म्हणून तर तोंड उघडत नव्हतं. परत येताना आंबा घाटात एकेका वळणावर गाडीचा मागचा भाग करकरत होता, आणि तो जोडलेला तुकडा माझ्या मांडीवर होता. मी त्याच्यावरून अंगठा फिरवत होते आणि तुमचा आवाज कानात येत होता: "दिसतंय बरं गो बाय, पण धरलंय काय?"

जोडकाम शिकवताना तुम्ही माझा एक तुकडा सोडला नाहीत. मी मन लावून जोडावं, तुम्ही तो वाइसच्या जबड्यात आवळावा आणि हातोड्याचा असा घाव घालावा की जोड उघडलाच पाहिजे. मग तुटलेला तुकडा घेऊन सरळ स्वयंपाकघरात, कारण उजेड तिथल्या खिडकीत चांगला. आई भात वेळतेय, आणि तुम्ही तिच्या पातेल्याशेजारी लोखंड ठेवून मला दाखवताय: ही बाजू वितळली, ही नुसती चिकटली. आई ओरडतेय, "भातात गंज पाडाल! आणि पोरीचा एक तरी तुकडा राहू दे अख्खा!" मी एकदा रडले होते. खरंच सुंदर आला होता तो जोड. तुम्ही समजूत घातली नाहीत. म्हणालात, "लाँच भर दर्यात असताना शिवण उघडली तर तांडेलाने कुणाला हाक मारायची? तुला?" मला तुमचा इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

ह्यांचा तुकडा मी तीन दिवस तसाच ठेवला. हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते, बर्फवाल्यालासुद्धा. काल चहा झाल्यावर मीच म्हटलं, "जरा इकडे या." तो वाइसमध्ये लावला. ह्यांना कळलं मी काय करणार ते. "कशाला गो?" म्हणाले. मी घाव घातला. एकच पुरला. ती सुरेख शिवण एका तुकड्यावरून अख्खीच्या अख्खी सुटून आली, आणि खाली बघते तर मी घासलेल्या रेघा तशाच्या तशा, लोखंड वितळलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूला तेवढी धरली होती. ह्यांनी तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे घाटात..." मला इतकं वाईट वाटलं, आबा, की वाटलं ह्यांना जवळ घ्यावं. मी आपली हातोडा जागेवर ठेवायला गेले.

शेवटी असं ठरलं की लहान मशीन घ्यायचं, पण फक्त पत्र्याला. हौदा हे जोडतील, वारा पडलेला असेल तेव्हा, ताडपत्री बांधून. चासी मी जोडायची, रॉडनेच, आणि दर वेळी आधी एक तुकडा करून तोडून बघायचा. हे म्हणाले, "आणि डोळे?" मी म्हटलं, "आहेत तोवर आहेत." तेव्हा मात्र चिडले. "चासी बाहेर देऊ. शिकलेली माणसं आहेत." मी म्हटलं, "ती तोडून बघतील का?" तर म्हणाले, "तू जन्मात कुणाच्या कामावर विश्वास ठेवणारेस का?" मी दाराकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "आबांनी ठेवला होता की माझ्यावर."

दाराला आम्ही माझा एक जुना तुकडा लावतो. दोन जाड पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. मी तुमच्यासाठी केलेला शेवटचा. तुम्हाला दम लागायचा तेव्हा, ओट्यावर खुर्ची टाकून बसायचात. मी तो तुमच्या हातात दिला. तुम्ही उजेडाकडे फिरवून बघितलात, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "धरलंय." न तोडता परत दिलात. ही गोष्ट मी ह्यांना सांगितली आहे, पोरांना सांगितली आहे, बंदरावर कुणी बाईमाणूस म्हणून हसलं तर त्यालाही सांगितली आहे. आमच्या आबांनी माझा शेवटचा तुकडा तोडलाच नाही, म्हणून.

पण हातोडा तुमच्या पायाशी होता, आबा. तुम्ही आधी त्याच्याकडे हात नेला होतात. बोटं दांड्याभोवती गेली, थोडा उचललात, खाली ठेवलात, आणि मग अंगठा फिरवलात. मी बघितलं होतं. चुलीवर भात आहे असं म्हणून मी आत गेले, आणि चुलीवर काही नव्हतं.

आज हे बर्फ आणायला गेल्यावर मी तो तुकडा दारापासून काढला, वाइसमध्ये आवळला आणि हातोडा उचलला. उद्यापासून चासी जोडायची, पुन्हा ह्यांचा जीव माझ्या जोडावर सोडायचा, तर एकदा बघून घ्यावं म्हटलं. हातोडा मला सहज उचलवत होता, दम लागला नव्हता. मारवला नाही. तुकडा सोडवून परत दाराशी ठेवलाय, आणि वारा सुटलाय म्हणून हा कागदही त्याच्याच खाली सारतेय.