सर्वपित्रीची दोन पानं

मी, श्रीमती श्यामला मिलिंद खांबेटे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ब्रिस्टल, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी ऋजुता हिला. या मृत्युपत्राचा अंमलही तिनेच करावा.

२. दीर विनय यांना माझा प्रेशर कुकर. "वहिनी, गोऱ्याचं कसलं श्राद्ध घालता?" असं चारचौघांत हसून त्याच कुकरातला भात त्यांनी तीनदा मागून घेतला होता.

३. आता त्या गोऱ्याविषयी. आमच्या गल्लीच्या टोकाला, चर्चच्या आवारात, कप्तान हॅरलचं थडगं आहे. चारशे वर्षांपूर्वी तो हिंदुस्थानची वाट शोधायला पश्चिमेला निघाला आणि बर्फात अडकून परत आला. मी नोकरीभर विमानाच्या पंखांची ड्रॉइंग्ज केली. मिलीमीटर चुकला तर झोप उडायची. याच्याकडे पुढचा नकाशाच नव्हता, आणि जहाज जेमतेम दोन बसएवढं. काय छातीचा माणूस असेल! थडग्यापाशी उभी राहिले की अजून अंगावर काटा येतो. त्याला मूलबाळ नव्हतं. ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या असते, म्हणून त्या दिवशी मी त्याचं पान वाढू लागले.

४. नात मायरा तेव्हा शाळेत होती. एका सर्वपित्रीला घरी आली आणि त्या पानासमोर उभी राहून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तुझा कप्तानने तिकडून एक माणूस पकडून आणला. टीचरने सांगितलं. तो इथे मेला. त्याची पान कुठे आहे?"

मी तशीच उठले आणि दुसरं पान मांडलं. थडग्यावर कप्तानाच्या जहाजाचंसुद्धा नाव कोरलंय, त्या माणसाचं कुठेच नाही. तो समुद्रकाठचा, म्हणून त्याच्या पानात मासा असतो. श्राद्धाला मासा म्हटल्यावर माझ्या आईने मला घराबाहेर काढलं असतं. कप्तानाच्या धाडसाचं नवल मला आजही आहे. पण आता पहिलं पान त्या माणसाचं.

५. ज्या दोन चांदीच्या ताटांत ही पानं वाढते, ती मायराला. सॉलिसिटर म्हणतात, पान वाढण्याची अट कायद्याने घालता येणार नाही. नसू दे. कप्तानाचं वाढायचं की नाही, ते तिने ठरवावं. माझं राहिलं तरी चालेल. त्या माणसाचं चुकवू नये.

सही: श्यामला मिलिंद खांबेटे

श्यामलाताईंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली, मग आम्ही केली. मायराला साक्षीदार व्हायचं होतं, पण वारसाला होता येत नाही.

शशी वैद्य, शेजारी
देविका राजे, शेजारी

ब्रिस्टल, १२ सप्टेंबर २०२५