मोहरीला मोड

॥ श्री ॥
इंदूर, ९ जानेवारी १९५४

ती. सौ. ताईस कमलचा शि. सा. न. वि. वि.

मंजिरीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. मी मात्र येणार नाही. कॅन्सर म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी छातीची डावी बाजू काढली, त्याला सात महिने झाले. जखम भरली, भूक लागते. पण आरशावर जुनं पातळ टाकून ठेवलंय, आणि बंद टांग्यातून दवाखान्यात जाते तेवढंच बाहेर पडणं. मांडवातल्या बायका माझ्या पदराकडेच बघतील. मला ते सोसणार नाही. रुखवत करून पाठवते. उन्हाळ्यात राजधानीबरोबर भाऊजींचं सरकारी दफ्तर इंदूरला आलं की नवी जोडी इकडेच घेऊन ये.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
कमल

ग्वाल्हेर, १६ जानेवारी

चि. सौ. कमल हिस शशिकलेचे अ. उ. आ.

आधी रडले, मग राग आला. मावशी घरी आणि रुखवत पार्सलने? वा गं वा! इथल्या नर्सबाई सांगतात, कापडाची पिशवी शिवून चोळीत आतून टाचायची. नुसता कापूस वर सरकतो, म्हणून वजनाला मोहरी भरायची. शिवणात तुला मी काय शिकवणार!

लोभ आहेच, वाढवायला समोर ये.
ताई

इंदूर, १२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

पिशवी एकदम फर्स्ट क्लास झाली. चार दिवस घातली आणि वेंधळ्यासारखी चोळीसकट भिजवली. मग ओलीच बादलीत विसरले. तिसऱ्या दिवशी बघते तर शिवणीतून हिरवे मोड! मी जमिनीवर बसून हसत सुटले. हे धावत आले, चोळी उलटसुलट पाहिली आणि गंभीरपणे म्हणाले की यंदा पीक बरं दिसतंय. ताई, ह्यांच्यासमोर पदर सावरायचा राहूनच गेला. नंतर दोघंही रडलो.

लग्नाचं अजून विचारू नकोस. नवी पिशवी शिवते आहे. माझ्यावरचा जीव असाच ठेव.
कमल

इंदूर, २८ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

दवाखान्यात गौतमपुऱ्याची जनाबाई भेटली. तिला हाच रोग. मरेन पण कापू देणार नाही म्हणून हटून बसलेली. डॉक्टरीणबाई थकल्या. मी पडदा ओढला आणि तिला माझी जखम दाखवली. मग मोडांची हकीकत सांगितली. ती इतकी हसली की नर्स ओरडली. काल तिने कागदावर अंगठा दिला. ऑपरेशन सोमवारी आहे.

नवी पिशवी तिला दिली. अस्तराला आरशावरचं पातळ फाडलं होतं, त्यामुळे आता रोज स्वतःला बघावं लागतं. तिसरी शिवायला वेळ नाही. पाच तारखेच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. पदर एका बाजूला खाली बसतो, बसू दे. कुणी विचारलंच तर मी स्वतः सांगेन. भीती वाटते, पण येते.

आणि हो, ते मोड ह्यांनी कुंडीत लावले. चार बोटं वाढलेत. रुखवतात कुंडीपुरती जागा ठेव.

तुझीच,
कमल